खुब्बेझावरचा सुरवंट

वदादनं पान उलटं केलं, किड्यावर भिंग धरलं आणि चिडून पुस्तक गवतात आपटलं.

"मेला काल काळा होता, आज करडा! एका किड्याची सोंगं तरी किती!"

बांधापलीकडे तिचा नवरा हलीम कोबी खुरपत होता.

"काल काय नाव सांगितलंस? परवाचं तर निराळंच होतं."

"हस. दात काढायला काय जातंय तुझं?"

"नाव कळेपर्यंत माझा कोबी फस्त होईल. शनिवारी फवारणार म्हणजे फवारणार."

शाळेत तिनं तीस वर्षं पोरांकडून नद्या-डोंगरांची नावं घोकून घेतली, आणि आता दारातल्या किड्याचं नाव सापडेना! कुंपणाशी आपोआप उगवलेल्या खुब्बेझाच्या, म्हणजे रानभाजीच्या, गोल पानांवर काटेरी सुरवंट जाळी विणून बसले होते. पुस्तकात चित्रं फक्त फुलपाखरांची. आता एकच उपाय होता. कोश होऊ द्यायचा आणि फुलपाखरू निघेल ते बघायचं.

"दोन आठवडे दे," ती म्हणाली.

"शनिवार," हलीम म्हणाला.

शुक्रवारी ती झाहलेच्या बाजारातून परतली, तर कुंपणाशी नुसते खुंट. हलीमची बहीण लबीबा शेजारीच राहायची. तिच्या चुलीवर जैतुनाच्या तेलात कांदा चरचरत होता.

"एवढी कोवळी खुब्बेझा वाया घालवायची होय?" लबीबा म्हणाली. "हलीमच म्हणाला, ने कापून. जाळीवाली पानं कोंबड्यांना घातली हो, काळजी करू नकोस."

वदाद घरी आली ती तोंड शिवूनच. त्या दिवसापासून घरात भांडी तेवढी बोलायची. किड्यांच्या नोंदींची वही तिनं पिठाच्या डब्यामागे कोंबली. शनिवार गेला, पुढचाही गेला. हलीमनं फवारलं नाही.

"पंपाचा वॉशर गेलाय," त्यानं भिंतीला सांगितलं.

 

तेराव्या दिवशी ती विळा आणायला खोपटात गेली. खुंटीवर पंप होता. त्याच्या दांड्याखाली कोशाचं एक वाळकं, उकललेलं कवच लोंबत होतं. खाली जमिनीवर, फुलपाखरू निघताना सांडतो तसा, लाल थेंब सुकला होता. ती बघतच राहिली. मग जपून पंप उतरवला आणि दांडा दाबला. फुस्सकन हवा आली. वॉशर ठणठणीत होता.

ती पंप घेऊन तरातरा कोबीत शिरली.

"हे कधी निघालं?"

हलीमनं खुरपं खाली ठेवलं.

"काल सकाळी. केशरी. पंखांची टोकं काळी, त्यावर पांढरे ठिपके. उजव्यावर पाच. डाव्यावरचे मोजेपर्यंत उडालं."

"लगेच?"

"छे. चांगला अर्धा तास बसलं होतं, पंख वाळवत."

"अर्धा तास! आणि मला एक हाक मारवली नाही तुला?"

हलीम हाताची माती झटकत राहिला.

"तू बोलत नव्हतीस ना."

वदादनं पंप त्याच्या पायाशी आदळला.

"ऊठ," ती म्हणाली. "पिठाच्या डब्यामागे वही आहे. घेऊन ये."