उपकेंद्राच्या स्लॅबवरची छत्री

मी छत्री बोलतेय. पावसातली नव्हे, उपग्रहाशी बोलणारी. आलापल्लीच्या पुढे जंगलात, जिथे मोबाइलला टॉवर नाही, तिथल्या आरोग्य उपकेंद्राच्या स्लॅबवर मी बसते. आणि खरं सांगू? या माणसांपुढे मी हात टेकलेत.

उपग्रह सोडला त्या दिवशी सगळं गाव शाळेतल्या टीव्हीपुढे होतं. क्रायोजेनिक इंजिन पेटलं तशा टाळ्या पडल्या, उपकेंद्राशेजारच्या देवाजीभाऊंनी पेढे वाटले. कौतुक इंजिनाचं, कौतुक उपग्रहाचं. पण छत्तीस हजार किलोमीटरवरून आलेलं बोलणं शेवटी झेलतं कोण? मीच ना?

मला बसवणारा माणूस परत परत बजावून गेला होता, "हिला बोटभरही हलवू नका." सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग मोहफुलं आली. अंगणात वाळत घातली की शेळ्या खातात, म्हणून देवाजीभाऊ आणि त्यांच्या सुगंधाबाई टोपल्या घेऊन स्लॅबवर चढले. मी आडवी येत होते म्हणे. देवाजीभाऊंनी पान्याने माझे नट काढले, मला उताणी केली आणि माझ्यातसुद्धा फुलं पसरली. नट कुठे घरंगळले, कोणाला फिकीर नाही. मी काय सूप आहे?

आज दुपारी त्यांच्याच मुलीला, बाळंतपणाला माहेरी आलेल्या दिव्यानीला, झटके आले. उपकेंद्रात नर्स मंजुषा एकटी. औषध कपाटात होतं, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची तिची हिंमत होईना. तिने माझ्यामार्फत जिल्ह्याच्या डॉक्टरीणबाईंना संगणकाच्या पडद्यावर बोलावून पाहिलं. पडदा काळाच.

"वरतं उपग्रहच बिघडला असन," देवाजीभाऊ म्हणाले.

वा रे वा. इंजिनाने आपलं काम चोख केलं, उपग्रह जागच्या जागी आहे, आणि बिघडलं म्हणे वरचं.

"छत्रीले कोणी हात लावला का?" मंजुषाने विचारलं. सुगंधाबाईंचा चेहराच उतरला. त्या धावत वर आल्या, सगळी फुलं खाली लोटली आणि मला उभी केली.

"काकी, थोडी उजवीकडे," मंजुषा खालून सांगत होती. "आणखी जराशी. हं, दिसल्या डॉक्टर. आता हलू नका."

पण नटाशिवाय मी थांबणार कशी? सुगंधाबाईंनी मला दोन्ही हातांनी धरलं. एप्रिलचं ऊन, माझा पत्रा तापलेला. त्यांच्या तळव्यांना फोड आले, तरी पकड ढिली झाली नाही. खाली डॉक्टर सांगत होत्या, मंजुषा इंजेक्शन देत होती. मला बाईंचा राग येत होता आणि रडूही येत होतं.

झटके थांबले. डॉक्टरांनी पाठवलेली अ‍ॅम्ब्युलन्स आली. दिव्यानीसोबत देवाजीभाऊ आणि मंजुषा बसले.

"काकी, सोडा आता. उतरा खाली," मंजुषा गाडीतून म्हणाली.

"नाई. मी सोडलो आन् पोरीले काही झालं तं?"

गाडी जाऊन बराच वेळ झाला. पडद्यापुढे कोणी नाही, तरी बाई मला घट्ट धरून बसल्या आहेत. अहो, कोणीतरी वर या. माझं नंतर बघा, आधी त्यांचे हात सोडवा.