ज्वारीच्या दाण्यांचा नकाशा

डॉक्टर संघमित्राताईंचं हसू आधी यायचं आणि मागाहून त्या. कार्तिकातल्या कोवळ्या उन्हात तुरीच्या फुलांवर मधमाश्यांचं गुंजन दाटावं, तसं ते बोळाच्या तोंडाशी घुमू लागे. मग नमुन्यांच्या बाटल्यांची किणकिण, मग धुळीनं माखलेल्या चपला, आणि सर्वांत शेवटी उंच, सावळी, किंचित वाकून चालणारी त्यांची आकृती. कावीळ आणि साथीचे आजार यांच्या संशोधनात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. पण विद्वत्तेचा भार त्यांच्या चालण्यात कुठं जाणवत नसे. गंगाखेडच्या एका शिक्षकाच्या त्या लेक. शहरातली प्रयोगशाळा सोडून राणीसावरगावाजवळच्या आमच्या लहानशा गावी त्या आल्या होत्या, कारण त्या वर्षी शिवार सोन्यासारखं पिवळं होतं आणि माणसांचे डोळेही पिवळे होते.

माझे सासरे, साऱ्या गावाचे आबा, काविळीवर झाडपाल्याचं औषध देत. शहरातली डॉक्टरीण आली म्हणजे आता आपला पाणउतारा होणार, अशा तयारीनं ते ओट्यावर ताठ बसले होते. मी सातव्या महिन्याचं ओझं सावरत दाराशी उभी.

"माझं औषध बंद करायला आलाव का, बाई?"

"न्हाई, आबा." ताई तिथंच मांडी घालून बसल्या. "तुमच्याकडं कोन कोन आलं ते इचारायला आले. गावात तुमच्याएवढं कुनाला ठावं हाय?"

आबांच्या खांद्यांतला ताठा हळूहळू विरघळला. ताईंनी खडूनं ओट्याच्या फरशीवर गावातल्या गल्ल्या रेखल्या आणि माझ्याकडं मूठभर ज्वारी मागितली. आबा डोळे मिटून रोगी आठवू लागले. एकेका नावाला ताई त्या त्या घरावर एकेक दाणा ठेवू लागल्या. त्यांची लांब बोटं तो दाणा इतक्या हळुवारपणे टेकवत, जणू माणसालाच अंथरुणावर निजवत आहेत. वरच्या आळीत चार दाणे पडले. नाल्याकाठच्या आळीत मात्र दाण्याला दाणा लागत गेला, आणि त्या गर्दीच्या ऐन मध्यावर आमचं घर होतं.

ताईंनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

"पोरी, तू पानी कुठलं पितीस?"

"ह्याच खालच्या नळाचं, ताई."

त्यांच्या चेहऱ्यावरचं ऊन क्षणात उतरलं. "आबा, ही कावीळ पान्यातून यायलीय असं वाटायलंय. बाकीची मानसं बहुतेक उठून बसतेत. पोटुशी बाईच्या मात्र ती जिवावर बेतू शकती."

आबांनी वळून माझ्याकडं पाहिलं. "माझ्या पाल्यानं भागंल का?" त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

ताईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "न्हाई भागायचं, आबा."

इतकं कठोर वाक्य इतक्या मायेनं उच्चारलेलं मी आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकलं नाही.

शहरात धाडलेल्या पाण्याच्या नमुन्यांच्या तपासणीचं उत्तर यायला आठवडा लागणार होता; ताई तेवढं थांबणाऱ्या नव्हत्या. दुसऱ्याच सकाळी चार गडी घेऊन त्यांनी नाल्याकाठी खणायला लावलं. गटाराखालून जाणारा नळ तडकलेला होता आणि त्या भेगेतून काळं पाणी आत झिरपत होतं. दुरुस्ती होईपर्यंत पाणी उकळून प्यायचं, असं त्या घरोघर सांगत फिरल्या. लोक माना डोलवत आणि माठातलं पाणी तसंच पीत. उकळलेल्या पाण्याला म्हणे धुराचा वास येतो.

तेव्हा आबा ओट्यावर उभे राहिले. "आजपून माझं औषध उकळून गार केलेल्या पान्यासंगंच. सगळ्या घरानं त्येच प्यायचं, न्हाई तर गुन येत न्हाई. आन् आधी दवाखान्यात रगत दाखवून यायचं, मग माझ्याकडं!"

आबांचं पथ्य मोडायची गावात कुणाची छाती नव्हती. संध्याकाळी चुलीचुलीवर पातेली खदखदू लागली. ताई पोट धरून हसल्या, पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "आबा, येवढं शिकले, पर हे काय मला सुचलं न्हाई बघा!" आबांनी मिशांवरून असा काही हात फिरवला, की जणू पदवी त्यांनाच मिळाली असावी.

तपासणीचं उत्तर ताईंच्या अंदाजाप्रमाणंच आलं. नळ बदलला. पौषात नवे रोगी यायचे थांबले, आणि माघातल्या एका स्वच्छ सकाळी, माझ्या लेकीनं सारी आळी गोळा होईल असा टाहो फोडला.

आता आबा नाहीत. ताई दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात, दुसऱ्या कुठल्या साथीच्या मागावर आहेत. गावात त्यांच्या नावाची पाटी नाही, आणि नळावर भांडणाऱ्या नव्या सुनांना त्या ठाऊकही नाहीत. मरण ज्या घरात येऊन जातं, त्या घराला तिथी पाठ असते. जिथून ते उंबऱ्याला न शिवता परत फिरलं, तिथं मात्र दिवस नुसते येतात आणि जातात, आणि त्या साध्यासुध्या सुखामागं कोण उभं होतं, हे काळ हलकेच विसरून जातो.