कान कापले तुम्ही, वास माझा

मी कुत्री बोलतेय. मेंढरांमागची कुत्री. जिकडून वारा येतोय तिकडच्या अंगाला बसा, म्हणजे माझा वास तुमच्याकडे येणार नाही, तुमचा तेवढा माझ्याकडे येईल. होय, तुम्हालाही वास असतो. तुम्ही तो साबणानं झाकता आणि मग दुसऱ्याच्या अंगाला नावं ठेवायला मोकळे होता.

माझं नाव ढवळी. अंगानं पांढरी होते म्हणून ठेवलेलं. आता या नावानं कुणी हाक मारत नाही, आणि डाव्या बाजूनं मारली तर मला ऐकूही येत नाही. पण मी माझी रड सांगायला बसलेली नाही. रडणं माझ्या रक्तात नाही. मला माझ्या पिलाच्या कानांचं सांगायचंय. ते सांगायचं तर आधी माझ्या कानांचं सांगावं लागतं.

माझा जन्म मुंजाजीच्या बिऱ्हाडावर झाला, ताडकळसच्या अलीकडं, मेंढरांभोवती लावायच्या जाळीच्या ढिगात. मुंजाजी मेंढरंवाला. बायको कासाबाई. त्यांचा मुलगा रामकिशन मेंढरांमागं फिरतो. ज्याच्या शेतात मेंढरं बसवायची त्याला खत मिळतं आणि मुंजाजीला ज्वारी. आमची आई या मेंढरांची राखण करायची. तिच्या अंगाला लोकरीचा, धुळीचा, दुधाचा वास यायचा. चांगल्या कुत्र्याला येतो तसा. प्रत्येक कुत्र्याला आपापला वास असतो. तीच आमची ओळख आणि तेच आमचं नाव-गाव. त्याला घाण म्हणत नाहीत.

डोळे उघडून थोडे दिवस झाले असतील, अवस आली. आमच्या बिऱ्हाडावर अवसेला पिलाचे कान कापतात. कासाबाईनं मला गुडघ्याखाली दाबलं आणि मुंजाजीनं दाढीच्या पात्यानं दोन्ही कान बुडातून काढले. वर हळद आणि चुलीतली राख. मग ते कान निखाऱ्यावर भाजले, भाकरीत कुस्करले आणि मलाच खाऊ घातले.

"खा माय, खा. तिखट हुशील," कासाबाई म्हणाली.

मी भुकेली होते. खाल्ले.

तिखट झालेही. पण तो तिखटपणा मी आईच्या दुधातून आणला होता, मुंजाजीच्या पात्यात तो नव्हता. येलदरीच्या धरणाचं पाणी उन्हाळ्यात मागं सरतं, तिथं ओल्या गाळावर गवत राहतं. तिकडं मेंढरं घेऊन गेलो होतो तेव्हा लांडगा आला. मी त्याच्या नरड्याला धरलं. त्यानं माझी मान फाडली, पण कोकरू सोडून गेला. मुंजाजी चार गावांत सांगत फिरला, "कान कापलेलं कुत्रं हाय. कापलं नस्तं तर लांडग्यानं कान धरूनच वडली अस्ती." लढले मी आणि नाव झालं पात्याचं.

त्या गाळातल्या पाण्यातच माझं वाटोळं सुरू झालं. मेंढरं पलीकडं घालायची तर मला पोहावं लागायचं. ज्या कुत्र्याला कान आहेत त्याच्या कानाची पाळी दारासारखी पडते. माझं दार नव्हतं. पाणी आत, माशी आत, आणि सुगीनंतरच्या गवताचं कुसळ तर सरळ आत. एक कुसळ डाव्या कानात गेलं ते बाहेर आलंच नाही. मी मान झाडली. पायानं खाजवलं. बाभळीच्या बुंध्याला घासलं. आधी आंबलेल्या पिठाचा वास यायला लागला. मग नासलेल्या दुधाचा. मग ज्याला तुम्ही नाक दाबता तो.

माझं नाक तुमच्याहून फार मोठं आहे, हे विसरू नका. तो वास तुमच्या आधी मला आला. माझ्याच डोक्यातून येत होता, त्याच्यापासून पळून मी कुठं जाणार?

"मढ्यात लोळून आली असंल रांड," कासाबाई म्हणाली आणि काठी घातली.

मी लोळले नव्हते. लोळले असते तर सांगितलं असतं. मेलेल्या मासळीत लोळायला आम्हाला आवडतं, त्यात लाज कसली? तुम्ही नाही का अत्तर लावून लग्नाला जात! पण तो वास पाण्यात गेलं की उतरतो. हा उतरत नव्हता.

मी पुष्कळ कुत्री हुंगली आहेत. ताडकळसच्या बाजारात मटणाच्या दुकानामागं एक कुत्रं असतं. त्याचं तोंड उघडलं की दुसरी कुत्री मागं सरतात. त्याचे दात सडलेत. हाडं खाऊन नव्हे, हॉटेलातला गोड गाळ चाटून. बसस्टँडवरची एक कुत्री ढुंगण घासत चालते. तिच्या शेपटीखालच्या गाठी भरल्यात. पोरं हसतात आणि दगड मारतात. एकाला खरूज आहे, त्याच्या कातडीला ओल्या पोत्याचा वास येतो. बघा, एकाचे दात, दुसरीच्या गाठी, तिसऱ्याची कातडी, आणि माझा कान. लोकांना विचारा, लोक म्हणतील, "कुत्र्याची जातच घाणेरडी." आत काय सडलंय हे बघण्यापेक्षा जातीला नावं ठेवणं सोपं असतं. ते तुम्ही आपसातही करता, मी ऐकलेलं आहे.

माझ्यावर उपाय झाले, नाही म्हणत नाही. ट्रॅक्टरचं जळकं ऑइल अंगाला चोपडलं. कान सडलेला आणि ऑइल पाठीला! केस गेले, कातडी सोलली, आणि आता ऑइलचा वास वेगळा, कानाचा वेगळा. कपडे धुवायच्या पावडरनं धुतलं. आग झाली म्हणून मी ओरडले, तर रामकिशन म्हणाला, "नखरे बग हिचे."

पुढं आमची मेंढरं तात्यारावाच्या शेतात बसली. तात्याराव मोठा शेतकरी. त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "मुंजाजी, मेंढरं बसव, पर ही कुत्री बांधाच्या पल्याड ठीव. खताचा वास परवडला, हिचा न्हाई परवडत."

तात्यारावाकडंही कुत्रा होता. रॉकी. लांब लोंबते कान, अंगाला पावडर. मी बांधावरून वारा घेतला आणि मला हसू आलं. पावडरखाली त्याच्याही कानाला तोच वास होता! त्याचे कान जाड, सतत झाकलेले, आत ओल साचलेली. माझा कान उघडा म्हणून सडला, त्याचा झाकला म्हणून. फरक एवढाच की त्याच्या कानात बघायला मोटारसायकलवर बसून डॉक्टर आला.

मुंजाजीला तेवढं सुचलं. म्हणाला, "डाक्टर, आमच्या कुत्रीचं बी बगा की जरा."

डॉक्टर बांधावर आला, वाकला आणि लगेच मागं झाला. "अरे बाप रे. आत पार सडलंय. कान कुणी कापले हिचे?"

"म्याच. कापल्याबिगर कुत्रं कामाचं न्हाई. आमच्या बापाच्या येळेपासून हाय."

"मग बापाच्या वेळची कुत्रीही अशीच सडली असतील. अहो, कानाला पाळी कशाला दिलीय? पाणी, माशी, कुसळ अडवायला. पुढच्या पिलाचे तरी कापू नका."

"तुमी शिकलेले मानसं," मुंजाजी हसून म्हणाला. मला ते हसणं माहीत आहे. ज्याचं ऐकायचं नसतं त्याच्यासाठी ते ठेवलेलं असतं.

डॉक्टरनं रॉकीच्या बाटलीतलं उरलेलं औषध दिलं. दोन-तीन वेळा माझ्या कानात पडलं. थंड वाटलं. किती दिवसांनी मी डाव्या कुशीवर झोपले! मग एका मेंढीच्या खुराला जखम झाली आणि बाटली तिकडं रिकामी झाली. मेंढी विकता येते. मला कोण घेणार?

या सगळ्यात मला शेवटची पिलं झाली. एकच जगलं. काळंभोर, म्हणून भुंग्या. त्याचे कान मऊ, पळसाच्या कोवळ्या पानासारखे. पळाला की फडफड करायचे. मी त्याच्या कानात नाक घालून बसायचे. आत नुसता उन्हाचा वास. मी म्हणायचे, हा वास मला मरेपर्यंत पुरेल.

आणि एक दिवस मुंजाजी त्याला मानेला धरून उचलत म्हणाला, "येत्या अवसेला ह्याचे कान काढू. बुढी तर कामातून गेलीच."

तेव्हापासून माझं खाण्यात लक्ष लागेना.

त्याच सुमारास रामकिशनची बायको सविता बाळंतपणाहून परत आली. लेकीचं नाव सोनू. सविताला माझा वास मुळीच सहन व्हायचा नाही. "आवो आत्या, ही कुत्री लेकराजवळ यायलीय! हाकला की हिला. लय घाण मारायलीय."

कासाबाई म्हणायची, "तुझ्याच मायेरला सोन्याच्या कुत्र्या हायेत जनू!" आणि तरी दगड मलाच मारायची.

सोनूचे कान टोचले होते. एवढंसं सुईचं भोक, त्याला सोनार, गूळ, खोबरं, आणि पोर रडली तर सगळं बिऱ्हाड तिच्याभोवती. माझं काही म्हणणं नाही. लेकराला जीव लावावा. पण त्या भोकाला पू झाला. सविता लेकीच्या कानाला तेल लावत होती, वाकली, हुंगली आणि तशीच थांबली. मग तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"काय गं?" कासाबाईनं विचारलं.

"काय न्हाई आत्या. दवाखान्यात जायाचं."

जीप धरून ताडकळसला गेल्या. लेकराच्या कानाला वास आला तर जीप, माझ्या कानाला आला तर दगड. सोनूचा कान चार दिवसांत कोरडा झाला. बरं झालं. मी मनापासून सांगते, बरं झालं. त्या दिवसापासून सवितानं मला हाकलायचं सोडलं. नाकाला पदर लावायची, पण बोलायची नाही. जवळ मात्र आली नाही.

अवस उजाडली. मुंजाजीनं पातं काढलं. कासाबाईनं हळद आणली. भुंग्याला वाटलं खेळायचंय. तो शेपूट हलवत गेला. कासाबाईनं गुडघा दिला. मी दाव्याला बांधलेली. जुनं दावं, उन्हानं खाल्लेलं. पिलाचा उजवा कान गेला. तो ओरडला, आणि ती ओरड माझ्या बहिऱ्या कानानंसुद्धा ऐकली.

दावं तुटलं. मी मुंजाजीच्या मनगटाला धरलं. ज्या हातानं मला भाकर टाकली, त्याच हाताला. हाड लागेपर्यंत धरलं.

"आयाऽ गं! पिसाळली ही! काठी आन, काठी!"

कासाबाईची काठी माझ्या पाठीवर, पात्यावर माझा पाय. आणि तेवढ्यात सवितानं सोनूला गोधडीवर ठेवलं आणि भुंग्याला पदरात उचललं.

"मामा, ह्यो कान ऱ्हाऊ द्या."

"तू मदी बोलू नगंस सविते!"

"बोलनार. ह्या कुत्रीचाच वास माझ्या सोनूच्या कानाला आला हुता. म्या हुंगलाय. त्ये मढं न्हाई, दुकनं हाय."

"एका कानाचं कुत्रं? लोकं हासतेल," कासाबाई म्हणाली.

"हासू द्या. लोकं काय कुत्र्यालाच हासत्येत का?"

मुंजाजी मनगट दाबून बसला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता दगडच घालतो डोक्यात. पण तो म्हणाला, "पिसाळली न्हाई ती. आय हाय." आणि मग रामकिशनला म्हणाला, "पर आता बिऱ्हाडावर नगं. सोडून ये कुटं बी."

सवितानं हे ऐकलं. पिलासाठी ती सासऱ्याच्या तोंडावर बोलली होती. माझ्यासाठी एक शब्द बोलली नाही. पिलाला पदरात धरून, नाकाला दुसरा हात लावून उभी राहिली. मी तिला दोष देत नाही, पण विसरणारही नाही.

रामकिशननं मला मोटारसायकलवर पोत्यात घातलं आणि पाथरीच्या रस्त्यावर सोडलं. त्याला वाटलं, बहिरी आहे, म्हातारी आहे, येत नाही परत. नाक आहे हे तो विसरला. पाय झिजवत आले. आता कालव्याच्या पुलाखाली राहते. जवळ कुणी येत नाही, आणि मला कुणी हवं असंही नाही. पुलावरून जाणारे गाडीचा वेग वाढवतात आणि पोरं म्हणतात, "काय मेलंय इथं?" काही मेलेलं नाही, बाळांनो. जिवंत आहे म्हणूनच वास येतोय. पुढचं घाण मारणारं कुत्रं दिसलं तर दगड उचलायच्या आधी एकदा त्याच्या कानात, तोंडात, कातडीत बघा. एवढंच मागते. नाही बघितलंत तरी मी तुमच्या दारात येणार नाही.

संध्याकाळी मुंजाजीची मेंढरं पुलावरून जातात. मागं भुंग्या असतो, मोठा झालाय. त्याचा एकच कान फडफडतो, आणि लोक खरंच हसतात. मी खालून वारा घेते आणि त्याचे दोन्ही कान वेगवेगळे हुंगते. उजव्या कानाला परवापासून आंबलेल्या पिठाचा वास यायला लागलाय. डाव्याला अजून नुसतं ऊन. उजवा मुंजाजीचा. त्याचं त्यानं बघावं. डावा माझा आहे, आणि पुढच्या अवसेला त्याच्याकडं पातं आलं, तर माझ्या तोंडात अजून चार दात आहेत.