पाहुणे आले, पळा!

"पाहुणे आले!" असं कुणी ओरडलं की तुमच्याही घरात धावपळ उडते ना? आमच्या आरेखकाच्या घरात मात्र युद्धच पेटायचं! ऑफिसात नकाशे काढणारा हा गृहस्थ इतका टापटिपीचा, की टेबलावर त्याच्या पेन्सिलीसुद्धा रांगेत. घरी मात्र सगळा आनंदीआनंद! इस्त्रीचे कपडे सोफ्यावर, अर्धवट शिवलेला पडदा खुर्चीवर, ओले टॉवेल दारावर. "करू की उद्या!" हे घराचं ब्रीदवाक्य. बायको एकटी आवरून आवरून थकली आणि शेवटी तिनंही नाद सोडला.

पाहुणे येणार म्हटलं, की चादर अंथरायची, दिसेल ते तिच्यात लोटायचं आणि गाठोडं आतल्या खोलीत ढकलायचं. झालं घर चकाचक!

त्या रविवारी आरेखकाच्या ऑफिसातल्या वरिष्ठ, साहेबीणबाई, पहिल्यांदाच घरी यायच्या होत्या. बेल वाजली आणि शेवटचं गाठोडं आत गेलं.

"वा! किती नीटनेटकं ठेवलंय हो घर!" बाई म्हणाल्या. आरेखकाची छाती फुगली.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेले त्याचे वडील जोरजोरात धापा टाकू लागले. त्यांना दमा होता. पंप कायम शेजारच्या टीपॉयवर असायचा. ते टीपॉय चाचपडत होते आणि टीपॉय रिकामं होतं!

"बाबांचा पंप कुठंय?" बायको किंचाळली.

"मी टीपॉयवरचं सगळं चादरीत लोटलं!" मुलगी रडकुंडीला आली. "कुठल्या गाठोड्यात ते आठवत नाही गं आई!"

आरेखक आतल्या खोलीकडे धावला. कडीवर हात ठेवला आणि थबकला. मागे साहेबीणबाई उभ्या होत्या!

"अहो, बघताय काय? उघडा ना!" बायको ओरडली.

त्यानं दार ढकललं! गाठोडी बाहेर ओढली, गाठी सोडल्या. मोजे, करपलेलं पातेलं, एकेकटी चप्पल, सगळं बैठकीत पसरलं. बाईसुद्धा बाह्या सरसावून जमिनीवर बसल्या आणि भराभर उपसू लागल्या.

"सापडला!" मुलगी ओरडली. पंप एका मळक्या उशीच्या अभ्र्यात शिरला होता. आजोबांनी औषध ओढलं. हळूहळू त्यांचा श्वास पूर्ववत झाला. बायकोला रडू फुटलं.

आरेखक मान खाली घालून म्हणाला, "बाई, माफ करा. आमचं घर असं आहे."

"पसारा कुणाच्या घरी नसतो? माझ्याकडे या एकदा!" बाई म्हणाल्या. "पण तुम्ही घर आवरत नाही, लपवता. आणि मला सांगा, कडीवर तुमचा हात का थांबला?"

आरेखकाचा चेहरा उतरला. "तुम्ही काय म्हणाल, म्हणून. बाबांचा जीव जात होता आणि मी लाजत होतो!"

मग तो खाली बसला आणि समोरच्या शर्टाची घडी घालू लागला. मुलीनं मोज्यांच्या जोड्या लावायला घेतल्या. बायको उठू लागली, तसा तो म्हणाला, "तू बस. आजवर तू एकटीनंच केलंस."

मंडळी, पाहुणा तासाभरानं निघून जातो. घरात श्वास घेतात ती आपली माणसं. घर आवरायचं ते त्यांच्यासाठी, आणि सगळ्यांनी मिळून!