अकाउंटंट हवा, तोही मार्चमध्ये

रात्री गोठायला हवं आणि दुपारी वितळायला हवं. तरच मेपलच्या झाडातून रस वाहतो.

चर्चच्या फळ्यावर अकाउंटंट शोधला, तर चिठ्ठी: अकॉर्डियन विकणे आहे. मांजरीची पिल्लं फुकट.

गावातले अकाउंटंट वेंडेल प्राउटी, त्यांच्या दारावर पाटी: फेब्रुवारीनंतर नवीन गिऱ्हाईक घेत नाही.

'छंद.' करखात्याच्या पत्रातला एक शब्द.

हे सगळं ओडेट बुशेच्या डोक्यात एकदमच भणभणत होतं. व्हर्मॉंटच्या उत्तरेला तिचं मेपलच्या पाकाचं गुऱ्हाळ होतं, सासऱ्यांनी घातलेलं. सलग काही वर्षं तोटा दिसतोय, तेव्हा हा धंदा नसून छंद आहे, असं करखातं म्हणत होतं. तसं ठरलं तर तोटा करातून वजा होणार नाही, वर दंड, आणि गुऱ्हाळ विकायचं. बॉस्टनच्या एका अकाउंटंटनं फोनवर तिचे कागद चाळले आणि हसून म्हटलं, "बाई, इतक्या बरण्या भेट देता? मग छंदच की हा!"

शनिवारी वेंडेल पाक घ्यायला आले.

"पाक मिळेल," ओडेट काहिलीवरची मळी काढत म्हणाली. "आधी हे पत्र वाचा."

"ही लाच झाली."

"लाच कसली? अडवणूक आहे."

चष्म्यावर वाफ धरत होती. वेंडेल तो पुसत वाचत राहिले. तिनं बर्फावर गरम पाक ओतून पुढे केला, सोबत तिकडच्या रीतीप्रमाणे आंबट काकडी. ती त्यांनी न बघता खाल्ली.

"या भेटी कुणाला?"

"शेजाऱ्यांना. रस काढायला मी त्यांच्या झाडांना नळ्या लावते ना. सासऱ्यांपासूनची रीत आहे."

"आणि तू लिहिलंस भेट?"

"मग काय लिहू? प्रेमानंच देते मी."

तेवढ्यात दार लाथेनं उघडलं. पलीकडच्या टेकडीवरची मर्टल. बर्फाचे बूट, हातात रिकामी पिशवी.

"काय गं ए, माझ्या बरण्या कुठायत? गेल्या वर्षी एक कमी दिलीस. आणि डांबरासारखा काळा पाक!"

"मर्टलकाकू," वेंडेल हळूच म्हणाले, "भेटीला कुणी अशी नावं ठेवतं का?"

"भेट? कुणाच्या बापाची भेट? माझ्या झाडांचं भाडं आहे ते! नाही मिळालं तर नळ्या उपटून हिच्या अंगणात टाकीन."

वेंडेल इतके हसले की काकडीचा तुकडा घशात अडकला. ओडेटनं त्यांच्या पाठीत दोन धपके घातले.

"काकू, हे लिहून सही करून द्याल?" श्वास लागताच त्यांनी विचारलं.

"देते की. पण बरण्या आधी."

"या बरण्यांची किंमत कमाईतही दाखवावी लागेल, भाड्याच्या खर्चातही. करखातं काय म्हणेल, हे आत्ताच सांगत नाही," ते ओडेटला म्हणाले. "पण ज्याचं भाडं मागायला माणूस दार फोडून येतो, त्याला छंद म्हणताना त्यांना लाज वाटली पाहिजे."

"म्हणजे घेतलंत काम? आणि तुमची पाटी?"

"पाटी लोकांना आहे. फी मात्र चेकनं दे. बरण्या नकोत, नाहीतर त्याही मलाच लिहाव्या लागतील."

ओडेटनं मर्टलला बरण्या मोजून दिल्या, एक जास्त. मर्टलनं उजेडात धरून रंग पाहिला आणि नाक मुरडलं, पण एकही बरणी परत केली नाही.

मे महिन्यात करखात्यानं धंदा मान्य केला.

त्याच्या आदल्या शरदात मर्टलनं, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, कुंपणालगत मेपलची नवी रोपं लावली होती, नळी लावण्याजोगी व्हायला चाळीस वर्षं लागणारी.