तीनला पाणी

पिटुकली वीस महिन्यांची झाली तरी पाऊल टाकत नव्हती. पायांत दोष नाही, फक्त जोर नाही, असं डॉक्टर म्हणाले. पाण्यात पाय मारू द्या, जोर येईल. तिच्या आईला न्हाणीघरातली बादली काठोकाठ भरलेली दिसली तरी धडधडायचं. तरी तिने कंबर कसली आणि लेकीचं नाव पोहण्याच्या वर्गात घातलं.

वर्गातल्या ताईंचा नियम साधा होता. एक, दोन, तीन म्हणायचं आणि तीनला पेलाभर पाणी डोक्यावरून सोडायचं. मूल तीन ओळखायला लागलं की आपणहून तोंड मिटतं. तोवर त्याला पुढचं काही शिकवायचं नाही.

बाकीची पोरं पंधरवड्यात पुढे गेली. पिटुकली मात्र पेला दिसला की आकाशपाताळ एक करायची.

"घरी करता ना रोज?" पाचव्या आठवड्यात ताईंनी विचारलं.

"एक दिवस चुकवला नाही."

"दाखवा बरं."

आईने पेला भरला. एक, दोन, आणि पाणी पडलंसुद्धा. पिटुकली ठसकून रडायला लागली.

"तुम्ही दोनलाच ओतता," ताई म्हणाल्या.

छे, असं आई म्हणणार होती, पण पेला रिकामा होता. लहानपणी हौदात पडल्यापासून पाण्याचं सगळं ती असंच घाईने उरकायची. पाच आठवडे आपण पोरीला फसवलं, या विचाराने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता काय करायचं हो?"

"आता पेला तिच्या हातात, डोकं तुमचं."

आई पाण्यापासून एक पाऊल मागे सरकली. पण लेकीचे ते लोंबते पाय समोर होते. तिने पिटुकलीला काठावर बसवलं, तिची कंबर धरली आणि स्वतः छातीभर पाण्यात उभी राहिली.

पहिल्यांदा एकलाच पाणी आलं. आईच्या नाकात गेलं. पोरगी खिदळली आणि तिचे पाय पाण्यावर आपटले, चांगले दणकून.

"पुन्हा," आई म्हणाली.

सात वेळा झालं. कधी एकला, कधी दोनला. ठसका लागला, डोळे चुरचुरले, आई जागची हलली नाही.

आठव्यांदा ती म्हणाली, "एक. दोन." आणि आवाजच फुटेना. डोळे घट्ट मिटून ती पाण्याची वाट बघत राहिली. पाणी आलं नाही.

तिने डोळे उघडले. पिटुकली दोन्ही हातांनी पेला धरून, स्वतःचेच ओठ घट्ट मिटून थांबली होती.

"तीन," आई म्हणाली.