जिताड्याचे टाके

प्रणय खोटं बोलला तेव्हा त्याच्यासमोर टेबलावर एक मेलेला जिताडा होता, आणि दोघांपैकी जिताड्याच्या चेहऱ्यावर अपराधी भाव जास्त होता.

हा मासा तिथे होता, कारण डॉ. नूतन घरत यांचा रबरावर विश्वास नव्हता. मांडव्याच्या रस्त्याला त्यांचं छोटंसं हॉस्पिटल होतं. खाली ऑपरेशनं, वर घर. हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या डॉक्टरला त्या टाके घालायला शिकवत, ते जिताड्यावर. शिकण्यासाठी रबराची कातडी विकत मिळते, पण मॅडमचं म्हणणं, रबर फार मनमिळाऊ असतं. खवले काढलेला जिताडा मात्र माणसाच्या पोटासारखा हट्टी; चुकीच्या जागी टोचलं की फाटून दाखवतो. मासे घरच्याच तलावातले. शिकवणी संपली की मासा वरच्या मजल्यावर जाई, आणि मॅडमच्या सासूबाई मनुबाई टाके उसवून त्याचं कालवण करीत. त्या घरात कित्येक वर्षांत न शिवलेला जिताडा कुणी खाल्ला नव्हता. नुसती शिवण बघून मनुबाई सांगत, यंदाचा पोरगा टिकेल का न्हाय.

नियम एकच. पोट माणसाचं असो की माशाचं, बंद करण्याआधी आणि केल्यावरही सुया मोजायच्या आणि आकडा मोठ्याने सांगायचा.

शनिवारी संध्याकाळी प्रणयने, म्हणजे यंदाच्या पोराने, मोजल्या. त्या सुया म्हणजे नखाएवढ्या, चंद्रकोरीसारख्या वाकड्या. ट्रेमध्ये तीन होत्या. घेतल्या होत्या चार. चौथी कुठे गेली हेही त्याला साधारण माहीत होतं: पोटाची बाजू शिवताना दोरा एकदा हलका लागला होता, रिकामा. म्हणजे सुई सुटून जिताड्याच्या आतच कुठेतरी मुक्कामाला राहिली होती.

मॅडम पाठमोऱ्या उभ्या राहून बेसिनवर हात धूत होत्या. "प्रणय, सुया?"

"चार, मॅडम."

"बरं," मॅडम म्हणाल्या. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

असं का बोललो, हे त्याला नेमकं ठाऊक होतं, आणि तेच वाईट होतं. सोमवारी एक अपेंडिक्स होतं. मॅडमनी ते त्याला द्यायचं ठरवलं होतं. त्या समोर उभ्या राहणार, सुरी त्याच्या हातात. त्याच्या वडिलांचे न्हावा शेव्याला ट्रेलर होते. त्यांनी ही बातमी सगळ्या ड्रायव्हरांना सांगितली होती, त्यामुळे पार गुजरातेतल्या ढाब्यांवरदेखील लोक त्या अपेंडिक्सची वाट बघत होते. अशा वेळी माशात सुई हरवणाऱ्याच्या हातात माणूस कोण देईल? मॅडम तर नाहीच देणार. असं त्याला वाटलं.

मॅडम गेल्यावर त्याने सुई शोधली. जिताड्यात नाही, जमिनीवर. जिताड्यात शोधायचं तर सगळी शिवण उसवावी लागली असती, आणि ती पाहून मॅडमनी हात धुण्याआधीच "छान" म्हटलं होतं. जमिनीवर एक बटण सापडलं. तेवढ्या समाधानावर तो झोपायला गेला. झोप आली नाही. आली तेव्हा स्वप्नात जिताडा आला आणि म्हणाला, "बरं."

सकाळी उजाडल्या उजाडल्या प्रणय वर स्वयंपाकघराच्या दारात उभा. मनुबाई विळीवर बसल्या होत्या.

"काय रं पोरा, कनाला आलास एवढ्या सकाली?"

"आजी, कालचा जिताडा... म्हणजे माझे टाके परत एकदा बघायचे होते."

"टाकं तं मी कवाच उसवलं. शिवन बेस होती. लुगरं पन कोन एवरं नीट शिवत न्हाय." त्यांनी समोरच्या पातेल्याकडे मानेने खूण केली. तुकडे मसाल्यात लाल होऊन पडले होते. "आज पाव्हनं हायेत पालीचं. मृणालीला बघाला येतान. मॅडमनी सांगलंय, तू पन जेवाला यायचा."

मृणाली म्हणजे मॅडमची मुलगी. तिचं आणि पालीकडच्या निकेतचं कॉलेजपासून जमलेलं होतं. आता फक्त, हे लग्न आपण जमवलं, असं दोन्ही घरांना वाटू द्यायचं बाकी होतं. त्यासाठी आजचं जेवण.

"आजी, तुकडे करताना हाताला काही लागलं का?"

"काय लागंल?"

इथे सांगता आलं असतं. एवढी सोपी जागा पुन्हा मिळणार नव्हती. एक म्हातारी, एक पातेलं, आणि पाहुणे अजून वाटेत. प्रणयने तोंड उघडलं. त्याला सोमवार दिसला. "काटा वगैरे," तो म्हणाला.

"मच्छीला काटा न्हाय तं काय इस्त्री असंल?" म्हणत मनुबाईंनी त्याला हाकललं.

बाकीची सकाळ त्याने मनाची समजूत घालण्यात घालवली. मनुबाईंनी मासा धुतला, तेव्हाच सुई मोरीत वाहून गेली असणार. गेलीच. शंभर टक्के. बारा वाजेपर्यंत त्याची इतकी खात्री पटली होती, की घाम का येतोय ते त्याला कळेना.

दुपारी पंगत बसली. मॅडम नारळी काठाची पैठणी नेसल्या होत्या आणि ऑपरेशनला असतात तशा शांत होत्या. पाहुण्यांमध्ये निकेत, त्याची आई किशोरीताई आणि मामा सुजितराव. सुजितरावांची भातशेती होती, आणि मत सगळ्याच गोष्टींवर होतं.

"आमच्या पालीत डॉक्टर फार नाही चालत," ते म्हणाले. "बल्लाळेश्वर आणि काढा, दोघांत भागतं."

"चांगलं आहे," मॅडम हसल्या. "आणि हा प्रणय. माझा विद्यार्थी. हात फार चांगला आहे त्याचा. उद्या पहिलं ऑपरेशन करतोय."

"वा, वा," पंगत म्हणाली. प्रणयला वाटलं, पाटाखालची फरशी उचकटून खाली हॉस्पिटलात पडावं. निदान लगेच भरती तरी होता येईल.

मनुबाई वाढायला आल्या. पोटाकडचा, चरबीचा तुकडा मानाच्या पाहुण्याला, ही रीत. त्यांनी तो उचलला आणि सुजितरावांच्या ताटाकडे नेला. शिवण तिथूनच गेली होती. कातडीवर टाक्यांची भोकं अजून ओळीने दिसत होती.

"तो मला द्या!" प्रणय म्हणाला.

पंगत थांबली. मृणालीने निकेतकडे पाहिलं. मनुबाईंचा हात हवेत राहिला.

"मला... पोटाचा फार आवडतो," प्रणय म्हणाला.

"पाव्हन्यांचा हाय तो," मनुबाई दातांतून म्हणाल्या.

"असू द्या, द्या त्या पोराला," सुजितराव दिलदारपणे म्हणाले. "वाढतं वय आहे."

सव्वीस वर्षांच्या प्रणयने तुकडा घेतला आणि हळूहळू, बोटांनी चाचपत खायला लागला. सुई नव्हती. पण पातेल्यात पोटाचे आणखी तुकडे होते. त्याने दुसरा मागितला. मग तिसरा. किशोरीताईंच्या ताटातला तर त्याने, "हा जरा कच्चा वाटतो, मी बघतो," म्हणत परस्पर उचलला. आता चाचपायला वेळ नव्हता. दुसऱ्या कुणी खाण्याआधी संपवणं महत्त्वाचं होतं. तो भराभर गिळत होता. मॅडम त्याच्याकडे अशा बघत होत्या, जसं रिपोर्ट नॉर्मल आलेल्या आजारी माणसाकडे बघतात.

"याला इथे उपाशी ठेवता का हो?" किशोरीताईंनी हळूच विचारलं.

तेवढ्यात सुजितराव खोकले. गळ्याला हात लावून त्यांनी डोळे मोठे केले. "काटा... अडकला."

"काय न्हाय होत," मनुबाई म्हणाल्या, "भाताचा मोठा गोला करा नि गिला."

सुजितरावांनी गोळा केला, तोंडापाशी नेला.

"गिळू नका!" प्रणय उभा राहिला होता. त्याच्या दोन्ही हातांना रस्सा लागला होता. "काटा नसेल तो. सुई असेल. काल माशात माझी सुई राहिली. तीनच होत्या, मॅडम. मी चार सांगितल्या."

सुजितरावांच्या हातातला गोळा ताटात पडला.

मॅडमनी हातातली भाकर ताटात ठेवली. "सगळ्यांनी हात थांबवा," त्या म्हणाल्या. "आई, पातेलं कुणाला देऊ नका. कल्पिताला फोन करा. चला, खाली."

कल्पिता एक्स-रे काढायची. रविवारची झोप अर्धी टाकून ती आली, तेव्हा तिच्या खोलीबाहेर साड्या, नवे शर्ट आणि खरकटे हात यांची रांग उभी होती. कल्पिता नियमाला पक्की.

"पेशंटचं नाव?"

"सुजित—"

"पूर्ण."

सुजितरावांच्या गळ्यात काटाच निघाला. जिताड्याचाच, प्रामाणिक काटा. मॅडमनी लांब चिमट्याने तो काढला. आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरने हात लावला म्हणून सुजितराव आधी रागावले आणि मग, गिळता येतंय असं कळल्यावर, भारावले. पण काटा सापडल्याने सुईचा हिशेब लागत नव्हता. मग एकेक जण आत गेला. बायकांना एक्स-रेआधी कल्पिता एकच प्रश्न विचारत असे, आणि तो तिने मनुबाईंनाही विचारला.

"गरोदर आहात का?"

"जिताड्याच्या पोटात तुलाच शिवीन मी आता," मनुबाई म्हणाल्या.

मग मृणाली. "गरोदर आहात का?"

पालीची सगळी मंडळी कधी नव्हे इतकं लक्ष देऊन ऐकत होती. निकेत भिंतीवरचा हाडांचा तक्ता वाचायला लागला.

"नाही," मृणाली म्हणाली, आणि तिने प्रणयकडे असं पाहिलं, की त्याला वाटलं, सुई आपल्याच डोळ्यात आहे.

कुणाच्याही पोटात सुई नव्हती. उरलेलं कालवण प्लास्टिकच्या टबात ओतून टेबलावर ठेवलं गेलं.

"पेशंटचं नाव?" कल्पिता.

"लिही काहीही," मॅडम.

कल्पिताने 'घरत, जिताडा' असं लिहिलं. त्यातही सुई नव्हती.

"तू राहिलास," मॅडम प्रणयला म्हणाल्या.

पडद्यावर प्रणयचं पोट उमटलं, आणि त्यात, अगदी मधोमध, छोटीशी पांढरी चंद्रकोर. ढाब्याढाब्यांवर ज्याच्या हाताची कीर्ती पोचली होती, त्याने आपल्या हाताने हरवलेली सुई आपल्याच तोंडाने शोधून काढली होती.

त्याला बरं वाटलं. अगदी मनापासून. शिक्षा झाली, ज्याची त्यालाच झाली, आता प्रकरण मिटलं. पण मॅडम बाहेर पाहुण्यांसमोर गेल्या आणि उघड्या दारातून त्यांचा आवाज आत आला.

"मी माफी मागते. माझ्या हॉस्पिटलात मोजणीची जबाबदारी माझी असते. काल मी स्वतः बघितलं नाही. चूक माझी आहे."

"मॅडम, नाही!" प्रणय टेबलावरून उठायला लागला. "मी खोटं—"

"तू हलू नकोस," मॅडम आत न बघता म्हणाल्या. "तुझ्या पोटात सुई आहे."

सगळ्यात वाईट म्हणजे पाहुणे रागावले नाहीत. सुजितरावांनी जाताना प्रणयच्या खांद्यावर हात ठेवला. "पोरा, माझ्या वाटणीची सुई तू खाल्लीस. असा माणूस मी बघितला नाही." मनुबाईंनीदेखील, "शिवन मात्र बेस होती," एवढंच म्हटलं. प्रत्येकाची माफी त्या सुईपेक्षा जास्त टोचत होती. लग्नाचं काय झालं, हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

दुर्बीण घालून सुई काढणारे डॉक्टर अलिबागहून येणार होते, पण जिताड्याने भरलेलं पोट जरा रिकामं होईपर्यंत थांबणं भाग होतं. ऊन उतरलं तेव्हा मॅडम त्याच्याकडे आल्या. पैठणी अजून तीच. पदरावर रश्श्याचा एक डाग.

"दुखतंय?"

"नाही."

"चालता येईल? ये."

त्या त्याला शिकवणीच्या खोलीत घेऊन गेल्या. टेबल स्वच्छ पुसलेलं होतं. त्यांनी ट्रे काढला, त्यात काल उरलेल्या तीन सुया ठेवल्या.

"काल कळलं होतं तुला? तीन आहेत ते?"

"हो."

"उद्याच्या अपेंडिक्ससाठी?"

प्रणयने मान डोलावली. मॅडमनी ट्रेमधल्या सुया ओळीत लावल्या. त्या ओरडतील म्हणून तो वाट बघत होता. ओरडल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

"मला वाटायचं, माझी पोरं मला घाबरत नाहीत," त्या म्हणाल्या. "टाके शिकवले. हात कसा धरायचा ते शिकवलं. कमी आकडा कसा सांगायचा, ते राहूनच गेलं बघ." त्या बेसिनपाशी गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. नळ सोडला. "प्रणय, सुया?"

"मॅडम, कशाला आता..."

"सुया?"

"तीन," तो म्हणाला. "तीनच आहेत, मॅडम. एक हरवली. माझ्याकडून."

"बरं झालं सांगितलंस," मॅडमनी नळ बंद केला. "तू टेबलाची ती बाजू बघ. मी खाली बघते."

आणि डॉ. नूतन घरत यांनी पैठणीचा पदर कमरेला खोचला, टेबलावरचा दिवा ओढून खाली घेतला आणि त्या गुडघ्यांवर बसून, फरशीवर हात फिरवत, अगदी मन लावून सुई शोधायला लागल्या. कोपऱ्यात पाहिलं, कपाटाखाली पाहिलं. सुई कुठे आहे हे दोघांनाही माहीत होतं. त्यांचे गुडघे दुखतात हेही त्याला माहीत होतं.

"मॅडम, उठा ना," तो म्हणाला.

"असं शोधायचं असतं," टेबलाखालून आवाज आला. "कुणी कुणाला काही म्हणत नाही. नुसतं शोधतात. बघतोयस ना?"

प्रणय पोटावर हात धरून जपून खाली वाकला, आणि टेबलाची आपली बाजू बघायला लागला.